सासूबाई गाडीतून उतरेनात

नांदेड

या प्रवासात जे काही घडलं त्यात गाडीचा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. दोष कुणाचा ते पुढे येईलच. ज्याचा आहे तो हे वाचेल अशी मला भीती नाही, कारण गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तकाखेरीज दसऱ्यापासून त्याने काहीही वाचलेलं नाही.

गाडी दसऱ्याला आली. बाहेरून बघितली तर शेजाऱ्यांच्या पाच सीटच्या गाडीपेक्षा वीतभरही लांब नाही, पण आत सात माणसं बसतात. दोन पुढे, तीन मधे आणि दोन अगदी मागे. मागच्या दोघांना उतरायचं असेल तर मधल्या रांगेतलं डावीकडचं सीट उचलून पुढे दुमडावं लागतं, म्हणजे तिथल्या माणसाने आधी हटावं लागतं. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, आणि त्याला टर्बो.

आमच्या भागात सात माणसांची गाडी म्हणजे डिझेलची जीप, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पहिल्याच दिवशी पंपावरचा माणूस डिझेलची नळी घेऊन आला. पेट्रोल म्हटल्यावर त्याने गाडीला एक चक्कर मारली, सीटं मोजली आणि म्हणाला, काका, एकदा नीट इचारून घ्या घरी. आमच्या यजमानांचं, मन्मथरावांचं, रंगाचं दुकान आहे. त्यांनी त्याच संध्याकाळी टाकीच्या झाकणावर लाल ऑइल पेंटने ‘पेट्रोल’ असं लिहून काढलं. अक्षर त्यांचंच आहे, त्यामुळे ते वाचता येत नाही.

शोरूममधल्या मुलाने गाडी हातात देताना एकच गोष्ट बजावून सांगितली होती. लांबचा पल्ला मारून आलात की इंजिन लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो, मिनिटभर गाडी जागेवर चालू ठेवा आणि मग किल्ली फिरवा. त्या मुलाने हे सहज सांगितलं असणार. मन्मथरावांनी ते व्रत म्हणून घेतलं. गाडी थांबली की ते मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरतात, आणि साठ सेकंद पुरे होईपर्यंत कुणी दार उघडायचं नाही, कुणी हलायचं नाही. इंजिन चालू असताना उतरणं धोक्याचं असतं, असं पुस्तकात लिहिलंय म्हणे. भाजी आणायला गेलो तरी आम्ही भाजीवालीसमोर मिनिटभर काचेआड बसून असतो.

आमची मुलगी शिवानी हिचं लग्न माघात ठरलंय. मार्गशीर्ष सुरू झाला तसं सासूबाईंनी एक दिवस जेवताना जाहीर केलं की त्यांना लातूरहून लुगडी घ्यायची आहेत. नांदेडात लुगडी मिळत नाहीत का, असं मी विचारलं नाही. लातूरला गेलोच आहोत तर वाटेत शिरूर अनंतपाळलाही डोकावून येऊ, असं त्या पुढे म्हणाल्या. शिरूर अनंतपाळ लातूरच्या वाटेवर नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण शिरूरचं नाव त्यांच्या तोंडून अकरा वर्षांनी निघालं होतं, म्हणून आम्ही सगळे खाली मान घालून जेवत राहिलो.

शिरूरला त्यांची धाकटी बहीण असते, गोदूमावशी. या दोघींना भाऊ नाही आणि आईवडील कधीच गेले. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नणंदेचं, वैशालीचं, लग्न झालं तेव्हा मावशी आली नाही. आमच्याकडे लेकीबहिणीला लग्नाची पत्रिका दिली की काम झालं असं नसतं. तिच्या माहेरचं माणूस गाडी घेऊन तिच्या दारात जातं, गूळपाणी घेतं आणि तिला सोबत आणतं. याला मूळ म्हणतात आणि आणायला जाणाऱ्याला मुराळी. मुराळी आला नाही तर बाई घरून निघत नाही, मग लग्न सख्ख्या भाचीचं का असेना. सासूबाई म्हणायच्या, मूळ धाडलं तरी ती आली नाही. शिरूरकडून कानावर यायचं, मूळ आलंच नाही. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

आता घरातलं पुढचं लग्न आलं होतं. शिवानीच्या हळदीला गोदू हवी, हे सासूबाईंनी एकदाही म्हटलं नाही. पण त्या लुगडी घ्यायला निघाल्या, हे आम्हाला पुरेसं होतं. मला खरी धास्ती एकच होती. या खेपेला जमलं नाही तर पुढच्या लग्नापर्यंत दोघी असतील की नाही कुणाला ठाऊक. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत.

कंधार

सकाळी निघालो. पुढे मन्मथराव आणि मी, मधे ऐसपैस सासूबाई, आणि मागची सीटं वापरायचीच या मन्मथरावांच्या हट्टापायी सगळ्यात मागे शिवानी, तिच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. मागची सीटं उघडली की डिकीत फक्त छत्री मावते, हा शोध आम्हाला त्या दिवशी लागला, त्यामुळे बाकीचं सामानही शिवानीच्याच अंगावर होतं. लोह्याला हमरस्ता सोडून कंधारकडे वळलो, कारण तिथे मन्मथरावांचा शाळेपासूनचा मित्र माधव राहतो आणि त्याला गाडी दाखवल्याशिवाय पुढे जाणं त्यांना जमणारच नव्हतं. दोन्ही बाजूंना तुरी शेंगांनी वाकल्या होत्या. सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा गुडघ्यापर्यंत आला होता.

आधी किल्ला पाहिला. खंदकात अजून पाणी आहे, आणि एवढ्या मोठ्या तटावर त्या दिवशी आमच्याखेरीज फक्त शेळ्या होत्या. सासूबाई दाराशीच बसल्या. त्यांनी एका बाईकडून हरभऱ्याचे ढाळे घेतले आणि किल्ला बघून आम्ही परतेपर्यंत सोलून खाल्ले. काय पाहिलं म्हणून त्यांनी विचारलं. दगडं, असं शिवानी म्हणाली. मग मी बराबर केलं, असं त्या म्हणाल्या.

माधवभाऊंचं घर बसस्टँडच्या मागे आहे. शेती आणि बियाण्याचं छोटं दुकान. आम्ही दारात गाडी उभी केली आणि नेमाप्रमाणे आत बसून राहिलो. माधवभाऊ हसत बाहेर आले. काचा वर होत्या, इंजिन चालू होतं, आणि आम्ही चौघं गंभीर चेहऱ्याने समोर बघत होतो. त्यांनी खिडकीवर टिचकी मारली. मन्मथरावांनी घड्याळावरची नजर न काढता एक बोट वर केलं.

आता आमच्या भागात दारात आलेल्या पाहुण्याने गाडीतून न उतरणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. नवरदेव उतरत नाही तेव्हा त्याला अंगठी हवी असते. विहीणबाई उतरत नाही तेव्हा तिच्या मानात काहीतरी कमी पडलेलं असतं. उतरणारा कितीही साधा असो, तो बसून राहिला की यजमान आपली चूक शोधायला लागतो. माधवभाऊंचं हसू मावळलं. ते आत पळाले आणि टोपी, टॉवेल, नारळ घेऊन परत आले. पाठोपाठ वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन. खिडकीशी उभं राहून माधवभाऊ कळवळून सांगू लागले की लेकराच्या साखरपुड्याला मी आलो न्हाई, लई चुकलं, पण त्या दिवशी गाय अडली होती, डॉक्टर सापडत नव्हता, इचारा हिला. वहिनीही मान हलवत होत्या.

एवढ्यात साठ सेकंद संपले. मन्मथरावांनी इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि आनंदाने म्हणाले, ‘टर्बो हाय, माधव.’

माधवभाऊंनी टोपी तरीही त्यांच्या डोक्यावर घातली. आणलेली टोपी परत नेता येत नाही. नंतर चहा, मुरमुऱ्यांचा सुशीला, गाडीची पाहणी, सगळं रीतसर झालं. हजार सीसी ऐकून माधवभाऊ म्हणाले की याच्यापेक्षा माझ्या फवारणीच्या पंपाचा आवाज मोठा आहे. मन्मथराव बरेच दुखावले. पण माझं लक्ष सासूबाईंकडे होतं. त्या चहाची बशी हातात धरून दारातल्या गाडीकडे बघत होत्या. गाडीतून न उतरल्याने माणसं कशी धावत येतात, हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

लातूर

अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातुरात पोचलो. आमच्या नांदेडात चौकातल्या फलकांवर पुढारी असतात, लातुरात पोरं असतात. कुणाला किती गुण पडले आणि तो कुठल्या शिकवणीला होता, हे गावभर फोटोसकट लावलेलं. मी शाळेत शिकवते. मला खरं तर हे बरं वाटायला हवं, पण त्या पोरांचे चेहरे पुढाऱ्यांपेक्षा दमलेले दिसले.

गंजगोलाईत शिरलो. गोल बाजारपेठ, आणि तिला चहूकडून येऊन मिळणारे रस्ते. मन्मथरावांनी गोलाईला तीन प्रदक्षिणा घातल्या तरी त्यांना आपला रस्ता सापडेना. चौथ्या फेरीला एका फळवाल्याने आम्हाला ओळखून हात केला. शेवटी सासूबाईंनीच बोट दाखवून दुकान गाठून दिलं. इरकलीच्या ढिगातून त्यांनी दोन लुगडी काढली. दोन्ही एकाच डाळिंबी रंगाची, एकाच काठाची. दुसरं कुणाला, असं शिवानीने विचारलं. ‘असू दे,’ एवढंच त्या म्हणाल्या. ती पिशवी त्यांनी मागे शिवानीच्या ढिगात टाकू दिली नाही.

खानावळीत ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पुडीची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी जेवलो. आमटीला एवढा झणका होता की मन्मथरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे येसर घालतात, पण हात राखून. लातूरकर हात राखत नाहीत. मुक्काम एका साध्या लॉजवर केला. निजायच्या आधी सासूबाईंनी मला हळूच विचारलं की आपण येतोय हे शिरूरला कळवलंय ना. कळवलंय म्हटलं. ती काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. मावशीचा मुलगा बसवराज फोनवर होता, तो ‘या की’ म्हणाला, असं मी सांगितलं. ‘पोरगा म्हणाला,’ असं त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

शिरूर अनंतपाळ

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला शिरूरला पोचलो. मावशीचं घर रस्त्यालगत, चार पायऱ्या चढून. गोदूमावशी दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, डोक्यावरून पदर, कपाळाला भस्म. सासूबाईंचीच उंची, सासूबाईंचंच नाक, फक्त अंगाने बारीक. गाडी थांबली. मिनिट सुरू झालं. मावशी पायरी उतरली नाही.

मिनिट संपलं. इंजिन बंद झालं. मी उतरले, मन्मथराव उतरले, सासूबाईंचं दार उघडून धरलं. त्या समोर बघत बसून राहिल्या.

‘इंजिन गरम हाय म्हणलास ना?’ त्या म्हणाल्या.

आता थंड झालं, आई, असं मन्मथरावांनी सांगितलं. ‘आणखी होऊ दे,’ असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

आता सगळा घोळ उलगडला. सासूबाईंना मावशीने खाली यायला हवं होतं. मावशीला सासूबाईंनी वर यायला हवं होतं. मधे चार पायऱ्या होत्या. बसवराज बिचारा खालीवर करू लागला. आई म्हणतीय पाणी ठेवलंय, असं त्याने खिडकीत येऊन सांगितलं. तहान न्हाई म्हणावं, असं उत्तर गेलं. तहान नसली तरी पाय धुवायला घ्यावं, असा निरोप आला. पाय मळले न्हाईत, गाडीत आलाव, असं उत्तर गेलं. समोरच्या ओट्यावर दोन बाया येऊन बसल्या. किराणा दुकानदाराने वजन करता करता हात थांबवला. कोण रुसलंय, असं कुणीतरी विचारलं. नांदेडची अक्का, असं दुसऱ्याने सांगितलं. मन्मथराव आमच्यापासून जरा लांब, टायर बघत उभे राहिले. त्यांना टायरमध्ये एवढं काय दिसत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी खिडकीत वाकून विनवलं. आई, पोरीच्या लग्नाचं निमंत्रण द्यायला आलोय, असं काय करता, असं म्हटलं. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या की मी चौऱ्याहत्तर वर्षांची थोरली, ती धाकटी, चार पायऱ्या तिला जड हायत का. त्यांचा आवाज कडक होता, पण मांडीवरच्या लुगड्यांच्या पिशवीची कड त्यांच्या बोटांनी चुरगाळून टाकली होती. मला त्यांचा राग आला आणि वाईटही तितकंच वाटलं.

यातून सुटका केली ती शिवानीने, तीही नाइलाजाने. लातूरहून निघताना तिने दोन ग्लास उसाचा रस प्यायला होता. मागच्या सीटवरून ती आधी हळू आणि मग बऱ्यापैकी मोठ्याने सांगू लागली की आजी, मला आत जायचंय. डावीकडचं मधलं सीट दुमडल्याशिवाय तिला उतरता येत नव्हतं आणि नेमक्या त्याच सीटवर आजी बसली होती. आजी, खरंच जायचंय, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज पार ओट्यापर्यंत गेला.

गोदूमावशीने तांब्या खाली ठेवला आणि ताडताड चारही पायऱ्या उतरून आली. दार उघडून तिने अकरा वर्षांनी बहिणीला पहिलं वाक्य ऐकवलं.

‘लेकराला कोंडून कामून ठेवलंस गं? सरक तिकडं.’

सासूबाई सरकल्या. उतरल्या नाहीत, सरकल्या. मावशीने ते सीट कसं दुमडतं ते पाहिलंही नव्हतं, पण दोन ठिकाणी ओढून तिसऱ्या ठिकाणी ते दुमडलं, आणि शिवानी डबा, पिशव्या, चादरी ओलांडून बाहेर पडली आणि पायऱ्या चढून आत पळाली. मावशीने सीट पुन्हा सरळ केलं. नीट बसलं का ते बघायला त्यावर हात दाबला, मग गुडघा दाबला, आणि मग ती स्वतःच त्यावर बसली. पाय आत घेतले. कुणी कुणाच्या दारात गेलं नव्हतं. दोघी गाडीत होत्या.

दोघींनी समोर बघितलं. मग सासूबाई म्हणाल्या, ‘मन्मथ, चल.’

कुठे, असं विचारायची मन्मथरावांची हिंमत झाली नाही. आम्ही शिवानीला तिथेच सोडून निलंग्याच्या रस्त्याला लागलो. मागे वळून बघितलं तर ओट्यावरच्या दोन्ही बाया उभ्या राहिल्या होत्या.

तीन-चार किलोमीटर गेलो. करडईची रानं मागे गेली, एक उसाचा ट्रॅक्टर गेला. मग मावशीने, जणू रोजच बोलतो अशा आवाजात, विचारलं की डिझेल हाय का. पेट्रोल, असं सासूबाई म्हणाल्या. सात मानसाला पेट्रोल? टर्बो हाय. ते काय असतंय? आणि सासूबाईंनी समजावलं की इंजिनाचा धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात हवा कोंबतो, म्हणून एवढ्याशा इंजिनाला सात माणसं ओढायचा जोर येतो. मी थक्क झाले. दोन महिने मन्मथराव जेवताना जे बडबडत होते ते घरात एका माणसाने ऐकलं होतं. मन्मथरावांनाही भरून आलं असावं, कारण त्यांनी उगाचच वेग वाढवला आणि गाडी पळते ते दाखवलं.

रस्त्याकडेला निलंगा राईसची गाडी दिसली. पिवळाधम्मक मसालेभात, वर चटणी. सासूबाईंनी थांबायला सांगितलं. गाडी थांबली, मन्मथरावांनी घड्याळ वर धरलं. सवयीने आम्ही सगळे गप्प झालो, आणि त्या शांततेत मावशीने समोरच्या काचेकडे बघत विचारलं.

‘अक्का, वैशालीच्या लग्नाला मूळ कामून न्हाई धाडलंस?’

‘धाडलं न्हाई? ह्याला जीप घेऊन धाडलं होतं की. तूच येत न्हाई म्हणलीस.’

‘कोण आलं होतं? फोन आला होता. मावशे, बसनं ये म्हणून.’

मी मन्मथरावांकडे वळले. मागून दोघीही बघत होत्या. मन्मथरावांचा हात हवेत तसाच होता आणि घड्याळात अजून चाळीस सेकंद बाकी होते. ते दार उघडू शकत नव्हते. स्वतःचाच नियम होता.

शेवटी ते बोलले. लग्नाच्या आदल्या दिवशी मंडपवाला दारू पिऊन पडला होता, आचारी शोधायचा होता, शिरूरला जाऊन येण्यात अख्खा दिवस गेला असता. म्हणून फोन केला. मावशी फोनवर ‘बघू’ म्हणाली. आईने विचारलं तेव्हा सांगून टाकलं की गेलो होतो, मावशी येत नाही म्हणाली. एक दिवसाचं खोटं होतं, लग्नाच्या गडबडीत खपून जाईल असं वाटलं. मग दोघींनी बोलणं टाकलं आणि खरं सांगायची सोयच राहिली नाही. चोवीस वर्षं संसार करतेय मी या माणसाबरोबर. मलाही माहीत नव्हतं.

मला हसू येत होतं, आणि ते मी ओठ चावून दाबत होते. पण मग मावशी बोलली आणि माझं हसू गेलं.

‘मी पिशवी भरून दारात बसले होते, अक्का. दोन दिस. जीप वाजली की उठायचे. आईबाप गेले, भाऊ न्हाई. माझं माहेर म्हंजे तूच. माहेरानं मूळ धाडलं न्हाई तर बाईनं कसं जावं?’

सासूबाईंनी पिशवीची चुरगळलेली कड सरळ केली. ‘मला वाटलं तुला माझ्या लेकीचं चांगलं बघवलं न्हाई,’ असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘अकरा वर्षं हेच वाटून घेतलं मी.’

असं काही त्या कबूल करतील असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या घरात त्यांनी चूक मान्य केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि चूक त्यांची नव्हतीच. मग त्यांनी मांडीवरची लुगड्यांची पिशवी उचलली आणि मन्मथरावांच्या सीटच्या पाठीवर जोरात हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्यांदा मावशीने हाणली. मन्मथरावांनी किल्लीकडे हात नेला.

‘मिनिट झालं न्हाई,’ सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही भात खाल्ला. बहिणी एकाच थाळीत जेवल्या आणि भाताला मीठ कमी आहे यावर त्यांचं एकमत झालं. डाळिंबी लुगडं मावशीच्या मांडीवर गेलं, ‘रंग उजळ हाय माझ्या वयाला’ असं म्हणत तिने ते पदराआड घेतलं. मन्मथराव बाहेर एकटेच उभे होते. त्यांना कुणी थाळी दिली नव्हती. शेवटी मावशीनेच भातवाल्याला हाक मारून सांगितलं की त्या चोरालाही दे एक.

परतल्यावर शिरूरच्या दारात गाडी नीट थांबायच्या आतच सासूबाईंनी दार उघडलं. इंजिन चालू होतं, मन्मथराव ओरडले, त्या उतरून पायऱ्या चढून गेल्यासुद्धा. आत शिवानी पाय पसरून अंबाडीची भाजी आणि भाकरी खात बसली होती आणि बसवराजच्या बायकोने हुग्गी रटरटत ठेवली होती. खपली गव्हाची, गूळ घातलेली, वर तुपाची धार. आमच्या नांदेडच्या खिरीला ही चव नाही. मी दोनदा घेतली आणि तिसऱ्यांदा घ्यायची लाज वाटली म्हणून शिवानीच्या वाटीतून घेतली.

ऊन उतरायला लागलं तसं निघायची तयारी झाली. मावशीने मला आणि शिवानीला कुंकू लावलं, शिवानीच्या ओटीत खारीक-खोबरं घातलं. लग्नाची तारीख तिने स्वतःच तीनदा म्हणून घेतली. सासूबाई मात्र जागच्या उठल्या नाहीत.

‘गोदे, पिशवी भर,’ त्या म्हणाल्या.

‘आत्ता? लग्न तर माघात हाय की.’

‘हे वैशालीच्या लग्नाचं मूळ हाय. शिवानीचं परत येईल.’

मावशी उभीच राहिली. तोंडाला पदर लावला. मग आतल्या खोलीत गेली आणि पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. वैशालीचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली, तिची दोन मुलं शाळेत जातात, पण त्या घरात हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. बसवराजच्या बायकोने वाटेसाठी भाकऱ्या बांधायला घेतल्या.

मन्मथराव दारातच थबकले होते. आठ दिवसांनी मावशीला परत आणून सोडायचं, मग लग्नासाठी पुन्हा न्यायचं, मग पुन्हा सोडायचं, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होता. सासूबाईंनाही आला असावा.

‘मुराळी बाहेर उभा ऱ्हात न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘आत ये आन मावशीची पिशवी उचल.’

ते आत आले. मावशी तोवर पिशवी घेऊन बाहेर आली होती, पण तिने ती त्यांना लगेच दिली नाही. आधी पाट मांडला, त्यांना त्यावर बसवलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मन्मथरावांनी मान वर केली नाही. पाणी पिऊन झाल्यावर ते तिच्या पाया पडले तेव्हा मावशीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

‘वाटंत लई येळ लागला रे बाबा तुला,’ ती म्हणाली.